कॅलिफोर्नियांतील इ. स. १८६१-६२ चा हिंवाळी प्रलय : कागद, कर्णोपकर्णीं कथा आणि गाळ

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया संस्थानांत इ. स. १८६१ च्या डिसेंबरांत सुरू होऊन १८६२ च्या जानेवारीअखेरपर्यंत चाललेल्या वादळी पावसानें जो प्रलय केला, त्याची हकीकत आमच्याकडील वाचकांस फारशी परिचित नाहीं. खुद्द त्या देशांतहि ती दीर्घकाळ विस्मृतींत पडली होती. ज्या दिवशीं त्या संस्थानाचा नवा गव्हर्नर होडींत बसून अधिकारग्रहणास गेला तो दिवस १० जानेवारी १८६२, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणें शके १७८३ च्या पौष शुद्ध पक्षांतील होय. इतक्या दूरच्या देशांतील पुराचा विषय आम्ही येथें घेतला आहे तो केवळ नवलाईसाठीं नव्हे. या एका प्रसंगाविषयीं खासगी पत्रें, वर्तमानपत्रें, एक रोजनिशी, पर्जन्यमापनाची टिपणें, शिळाप्रेसवरील चित्रें आणि मूळ रहिवाश्यांच्या तोंडची परंपरा अशीं निरनिराळ्या जातींचीं साधनें शिल्लक आहेत. आणि त्यांची परस्परांशीं गांठ घालून देणारा एक अगदीं वेगळाच साक्षीदार गेल्या कांहीं दशकांत समुद्राच्या तळांतून वर आला आहे. समकालीन कागद श्रेष्ठ कीं परंपरागत कथा श्रेष्ठ, हा वाद आपल्याकडे बखरींच्या निमित्तानें पुष्कळ झाला. त्या वादास उपयोगी पडेल असें हें उदाहरण आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम भूमीची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. कॅलिफोर्नियांत पाऊस हिंवाळ्यांत पडतो. उन्हाळा कोरडा जातो. पश्चिमेस समुद्रालगत एक ठेंगणी डोंगररांग, पूर्वेस सिएरा नेवाडा हा उंच बर्फाळ पर्वत, आणि या दोहोंच्या मध्यें सुमारें साडेचारशें मैल लांबीचें सपाट खोरें अशी त्या देशाची ठेवण आहे. उत्तरेकडून सॅक्रामेंटो व दक्षिणेकडून सॅन वाकीन या नद्या खोऱ्याच्या मध्यभागीं एकमेकींस भेटतात आणि एका अरुंद सामुद्रधुनींतून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरास मिळतात. परातीस कांठाजवळ एकच भोंक असावें, तसा हा प्रकार आहे. वरून पाणी हळू पडलें तर तें निघून जातें. एकाएकीं पडलें तर परात भरते.

पाणी एकाएकीं येतें कसें, याचा उलगडा अलीकडचा आहे. प्रशांत महासागराच्या उष्ण भागांतून, कित्येकदां हवाई बेटांच्या बाजूनें, बाष्पाचा एक लांबच लांब व अरुंद पट्टा वाऱ्याबरोबर अमेरिकेच्या किनाऱ्याकडे वाहत येतो. त्याची रुंदी कांहींशें किलोमीटर, पण लांबी हजारों. या पट्ट्यांस ‘वातावरणांतील नद्या’ हें नांव शास्त्रज्ञांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दिलें, आणि तें अन्वर्थक आहे. कारण एक जोरदार पट्टा बाष्परूपानें जेवढें पाणी वाहून नेतो तें मिसिसिपी नदीच्या मुखाशीं सरासरीनें वाहणाऱ्या पाण्याच्या सात ते पंधरा पट असतें. हें बाष्प सिएराच्या उतारावर आदळलें कीं वर चढतें, थंड होतें व पाऊस किंवा हिम होऊन खालीं येतें. सह्याद्रीच्या पश्चिम अंगास आषाढ-श्रावणांत जें घडतें त्याच नियमाचा हा खेळ होय. भेद इतकाच कीं तेथें ऋतु हिंवाळा आहे आणि माथ्यावर बर्फ आहे. या बर्फांतच खरा धोका सांठलेला असतो. आधीं थंड वादळ येऊन डोंगरावर हिमाचे थर घालतें. मागून उष्ण वादळ येऊन त्याच हिमावर पाऊस ओततें. मग पावसाचें पाणी व वितळलेलें पाणी अशीं दोन्ही एकाच वेळीं खालीं धांवतात. १८६१ सालीं नेमकें असेंच झालें.

अनर्थाचा पहिला तडाखा उत्तरेकडे ऑरेगॉनांत बसला. डिसेंबरच्या आरंभीं विलॅमेट नदीस पूर येऊन शॅम्पूईग हा गांव धुऊन गेला. १८४३ सालीं ज्या ठिकाणीं जमून वसाहतवाल्यांनीं आपलें हंगामी सरकार स्थापण्याचा ठराव केला तें हेंच स्थळ. ऑरेगॉन सिटीसमोरील लिन सिटी नांवाचा गांव तर नाहींसाच झाला. तो पुन्हां वसला नाहीं. पुढें त्याच हिंवाळ्यांत उत्तरेकडे कडाक्याची थंडी पडून कोलंबिया नदी गोठली व गुरें मेलीं, असें त्या भागाचे वृत्तान्त सांगतात.

सॅक्रामेंटो शहरांत पाणी शिरलें तें ९ डिसेंबर रोजीं. हें शहर सॅक्रामेंटो व अमेरिकन या नद्यांच्या संगमावर, सोन्याच्या शोधानंतरच्या गर्दींत वसलेलें. जागा व्यापारास उत्तम, पण सखल. पुरापासून रक्षणार्थ बांध घातलेले होते. अमेरिकन नदीनें पूर्वेकडून बांध ओलांडला, आणि मग शहर राखण्यासाठीं घातलेल्या बांधांनींच आंत आलेलें पाणी कोंडून धरलें. शेवटीं तें बाहेर सोडण्यासाठीं बांध फोडावा लागला, आणि त्या ओढींत घरें वाहून गेलीं. लोकांनीं चिखल उपसला, बांध दुरुस्त केला, आणि महिना उलटतो न उलटतो तोंच जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत याहून मोठा पूर आला. १० जानेवारीस गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्ड याचा अधिकारग्रहणाचा समारंभ होता. तो होडींतून गेला व होडींतूनच परतला. घरीं परततांना तो दिवाणखान्याच्या खिडकींतून आंत शिरला असें कोणी म्हणतात, कोणी दुसऱ्या मजल्याच्या खिडकींतून म्हणतात. खिडकी कोणतीहि असो, पाणी केवढें होतें याचा अंदाज येण्यास दोन्ही पाठ पुरेसे आहेत. त्याच महिन्याच्या उत्तरार्धांत कायदेमंडळानें आपलें बिऱ्हाड सॅन फ्रान्सिस्कोस हलविलें व उरलेलें अधिवेशन तेथेंच पार पाडलें.

या प्रलयाचें सर्वांत मोलाचें लेखी साधन म्हणजे विल्यम ब्रूअर याचीं पत्रें. जोसाया व्हिटनी याच्या हाताखालीं कॅलिफोर्नियाची भूगर्भविषयक पाहणी १८६० सालीं सुरू झाली, तींत ब्रूअर हा प्रमुख सहायक होता. पूर्वेकडे न्यूयॉर्क संस्थानांत राहणाऱ्या आपल्या भावास तो सविस्तर पत्रें लिही. पुढें तो येल विद्यापीठांत कृषिविषयाचा अध्यापक झाला व १९१० सालीं वारला. पत्रें ग्रंथरूपानें १९३० सालीं फ्रान्सिस फार्कर याच्या संपादकत्वाखालीं येलच्या छापखान्यांतून बाहेर पडलीं. म्हणजे लिहिल्यापासून छापेपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षें गेलीं. या पत्रांस आम्ही अग्रस्थान देतों तें लेखक शास्त्रज्ञ होता एवढ्याच कारणासाठीं नव्हे. आपण स्वतः मोजलेलें कोणतें, दुसऱ्याकडून ऐकलेलें कोणतें, व अंदाजानें सांगितलेलें कोणतें, हें तो बहुतेक ठिकाणीं वेगळें ठेवतो. हा गुण कोणत्याहि देशाच्या पत्रलेखकांत दुर्मिळच.

उदाहरणार्थ, १९ जानेवारी १८६२ च्या पत्रांत त्यानें मधल्या खोऱ्याचा बुडालेला भाग अडीचशें ते तीनशें मैल लांब व सरासरी निदान वीस मैल रुंद असा धरला आहे. हा त्याचा हिशेब. पुढें फेब्रुवारींतील पत्रांत एका ओळखीच्या गुराख्याची हकीकत येते : त्याच्या मळ्यावरील घराची जमीन सहा आठवडे पाण्याखालीं होती, मग घर मोडून गेलें, आणि त्या ठिकाणीं जलाशय साठ मैल रुंद होता. हें साठ मैल गुराख्याचे आहेत, ब्रूअरचे नव्हेत. खोऱ्याची अधिकांत अधिक रुंदीच तेवढी असल्यामुळें आकडा फुगलेला असण्याचा संभव आहे. पण या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पाणीच पाणी दिसलें, एवढा त्याचा अर्थ घ्यावा. आगबोटी नदीचें पात्र सोडून चौदा मैल आंत मळ्यांवरून फिरत होत्या व अडकलेलीं जनावरें टेंकड्यांकडे पोंचवीत होत्या, हीहि त्याच पत्रांतील माहिती. शेतांवर समुद्रासारख्या लाटा उठत. पाण्यानें न पडलेलीं घरें वाऱ्यानें हांकलेल्या त्या लाटांनीं मोडलीं. कांहीं अंतरापर्यंत तारायंत्राच्या खांबांचीं टोकेंहि पाण्याखालीं गेलेलीं होतीं.

पावसाचे आकडे मात्र नीट पारखून घेतले पाहिजेत. ब्रूअरच्या म्हणण्याप्रमाणें सॅन फ्रान्सिस्कोंत जुलै १८५३ पासून काळजीपूर्वक मापन होत होतें व आठ वर्षांची सरासरी पावणेबावीस इंचांची होती. १८६१ च्या ६ नोव्हेंबरापासून १८ जानेवारीपर्यंत पावणेतेहतीस इंच पाऊस झाला. शहराच्या नोंदींत त्या एका जानेवारीचा पाऊस २४.३६ इंच व सबंध हंगामाचा ४९.२७ इंच धरला आहे. एका महिन्याचा तो उच्चांक त्या शहरीं अद्यापि मोडलेला नाहीं. हे आकडे एकमेकांशीं जुळतात, तेव्हां त्यांवर विसंबावयास हरकत नाहीं. सिएराच्या पायथ्याशीं सोनोरा येथें ११ नोव्हेंबर ते १४ जानेवारी या दोन महिन्यांत बहात्तर इंच, म्हणजे सहा फूट पाऊस झाला, असेंहि ब्रूअर लिहितो. हें मापन त्याचें नव्हे. तथापि डोंगरउतारावर शहराच्या दुप्पट-तिप्पट पाऊस पडणें हा तेथील नेहमींचा क्रम असल्यामुळें आकडा अशक्य नाहीं. येथें वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. त्या वेळचे सर्वच लेखक हा पाऊस ‘अपूर्व’ म्हणतात. पण ज्यांच्याजवळ आठ वर्षांचीच मोजणी होती त्यांचें ‘अपूर्व’ आठ वर्षांइतकेंच लांब असणार.

आणि नेमकें याच ठिकाणीं दुसऱ्या प्रकारचें साधन पुढें येतें. नेवाडा सिटी येथील एका वर्तमानपत्राच्या ११ जानेवारी १८६२ च्या अंकांत एक लहानसें वृत्त आहे. त्याचा मथितार्थ असा : मेरिसव्हिल शहराच्या आसपास राहणारे इंडियन लोक आठवड्यापूर्वीं किंवा त्याहि आधीं आपलीं ठिकाणें सोडून टेंकड्यांकडे निघून गेले; गेल्या तीस वर्षांत आलें नाहीं इतकें पाणी येणार असें त्यांनीं गोऱ्यांस सांगितलें, आणि तें कोठवर चढेल तें झाडांवर व घरांवर उंच बोट करून दाखविलें; गोऱ्यांनीं हा मुलूख वसविल्यापासून जें पाणी पाहिलें त्याहून पंधरा-वीस फूट वर तें कधीं कधीं चढतें, अशी खोऱ्यांतील इंडियनांत परंपरा आहे.

या वृत्ताची छाननी करूं. तें प्रत्यक्षदर्शी नाहीं. ‘आम्हांस असें कळतें’ या थाटाचें आहे. डिसेंबरचा पूर होऊन गेलेला असल्यामुळें, पुन्हां पाणी येईल हें सांगण्यास परंपरेची गरजच काय, अशी शंका कोणी काढील. पण अंकाची तारीख पाहावी. जानेवारीचा मोठा पूर त्याच दिवसांत चढत होता. त्याचें अंतिम माप अद्याप कोणासहि ठाऊक झालेलें नव्हतें. शिवाय लोक निघून गेले ते त्यापूर्वीं आठवडाभर. म्हणजे पुरानंतर रचलेली ही भविष्यकथा नव्हे. बखरकारांच्या भविष्यकथा घडून गेल्यावरच लिहिल्या जातात, हें आपणांस ठाऊक आहे. ही त्या वर्गांतली नाहीं. आणि तींत ‘तीस वर्षें’ हा निश्चित काळ व ‘पंधरा-वीस फूट’ हें निश्चित माप आहे. ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्यांनीं मोजणी मात्र ठेविली होती. या लोकांवर त्या दशकांत वसाहतवाल्यांनीं काय काय आपत्ति आणिल्या हें सर्वश्रुत आहे; परंपरा जाणणारीं माणसेंच नाहींशीं होत असतां ही चार ओळींची नोंद गोऱ्यांच्याच एका वर्तमानपत्रांत टिकून राहिली, हा योगायोगच म्हणावयाचा.

या परंपरेस पुरावा मिळाला तो दगड-मातीच्या दप्तरांत. दक्षिण कॅलिफोर्नियांत सांता बार्बरा शहरासमोर समुद्रतळाशीं एक खोलगट द्रोणी आहे. तेथें प्राणवायु फार थोडा, त्यामुळें तळ उकरणारे जीव नाहींत, आणि वर्षोवर्षीं बसलेला गाळ पोथीच्या पानांसारखा जशाचा तसा राहतो : हिंवाळ्याच्या पावसानें जमिनीवरून आलेला गडद थर, त्यावर उन्हाळ्यांतील सूक्ष्म वनस्पतींचा फिका थर. मोठा पूर आल्यास मध्येंच करड्या चिकणमातीचा जाड थर बसतो. तळाला नळ्या ठोकून काढलेल्या नमुन्यांत १८६१-६२ च्या पुरासारखेच पूर्वींच्या पुरांचे थर मिळाले. त्यांत सुमारें इ. स. १६०५ चा थर विशेष ठळक आहे. एक-दोन शतकांच्या अंतरानें असे प्रलय येत आले आहेत असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. थरांची वर्षगणना दोन-चार वर्षें इकडे तिकडे होऊं शकते हें मान्य केलें, तरी मूळ मुद्दा बदलत नाहीं : वर्तमानपत्रांनीं ‘अपूर्व’ म्हटलेली गोष्ट अपूर्व नव्हती, आणि टेंकड्यांकडे गेलेले लोक खरें सांगत होते.

दक्षिणेकडील हानीविषयीं कागद तुटपुंजे आहेत. सांता आना नदीच्या कांठीं न्यू मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांनीं वसविलेलें आग्वा मान्सा नांवाचें गांव होतें. नांवाचा अर्थ ‘शांत पाणी’. २२ जानेवारीच्या रात्रीं त्या शांत पाण्यानें मातीच्या विटांचीं घरें विरघळवून नेलीं. पाद्र्यानें देवळाची घंटा वाजवून लोकांस सावध केलें, त्यामुळें मनुष्यहानि टळली. देऊळ व त्यालगतची जागा तेवढी राहिली. पर्वतापलीकडे युटाच्या दक्षिण भागांत फोर्ट हार्मनी येथें जॉन डी. ली हा वसाहतीचा पुढारी रोजनिशी लिहीत होता. पाऊस, हिम आणि वारा यांची दिवसांमागून दिवस झालेली नोंद तींत आहे. मातीच्या भिंतींचा तो कोट भिजून ढांसळूं लागला, आणि फेब्रुवारींत एक भिंत कोसळून लीचीं दोन मुलें मृत्यु पावलीं. लीचें नांव अन्य व अतिशय काळ्या प्रकरणांत इतिहासास ठाऊक आहे, आणि त्याच्या लेखनावर सावधपणेंच भरंवसा ठेवावा लागतो. परंतु हवामानाच्या नोंदींत खोटें सांगण्याचें त्यास कारण नव्हतें. ही रोजनिशी १९५५ सालीं छापून प्रसिद्ध झाली.

एवढा प्रसंग विसरला कसा गेला, याचीं कारणें आम्हांस तीन दिसतात. अमेरिका खंडाच्या आरपार जाणारी तार ऑक्टोबर १८६१ मध्यें जोडली गेली होती; ती या पुरांत तुटली, व खुष्कीच्या टपालाचे मार्गहि बंद पडले. म्हणजे बातमी जावयाची त्याच वेळीं बातमीची वाट मोडली. दुसरें, पूर्वेकडील वर्तमानपत्रें यादवी युद्धानें भरलेलीं होतीं. तिसरें कारण अधिक विलक्षण आहे : पुरामागोमाग १८६२ ते १८६४ पर्यंत भयंकर अवर्षण पडलें. पुरांत सुमारें दोन लक्ष गुरें बुडालीं असें सांगतात; जीं उरलीं त्यांपैकीं पुष्कळ तहानेनें मेलीं, आणि मेक्सिकन काळापासून चालत आलेली मोठमोठ्या गुरचराऊ वतनांची व्यवस्था मोडकळीस आली. मागच्या दुःखानें पुढचें दुःख पुसलें.

संग्राहकांसाठीं एक टीप. सॅन फ्रान्सिस्कोंतील रोझेनफील्ड नांवाच्या प्रकाशकानें जलमय सॅक्रामेंटोचीं शिळाप्रेसवरील चित्रें १८६२ सालीं काढलीं, व लॉरेन्स आणि हाउसवर्थ या जोडीनें दुहेरी भिंगांतून पाहावयाचीं छायाचित्रें विकलीं. यांतील छायाचित्रांस आम्ही अधिक मान देऊं. शिळाप्रेसच्या चित्रांत होड्यांची व टोपीवाल्यांची गर्दी चित्रकाराच्या हौसेनें वाढलेली असते. छायाचित्रांत दुकानाची पाटी व पाण्याची रेषा दिसते, आणि त्यांवरून रस्त्यांतील खोली काढतां येते. जुन्या रस्त्यांची उंची ठाऊक असल्याशिवाय मात्र ही खोली निघत नाहीं. कारण प्रलयानंतरच्या दशकांत सॅक्रामेंटोकरांनीं आपले मुख्य रस्ते दहा-दहा फूट व कोठें कोठें त्याहूनहि अधिक भर घालून उचलले. दुकानांचे मूळचे तळमजले त्यामुळें तळघरें झाले, व त्यांपैकीं कांहीं आजहि पाहावयास मिळतात. अमेरिकन नदीचें मुखहि वळवून दूर नेण्यांत आलें. पुढें वरच्या बाजूस फॉल्सम धरण झालें, तें १९५६ च्या सुमारास.

तरी भय गेलेलें नाहीं. २०११ सालीं अमेरिकेच्या भूगर्भ-पाहणी खात्यानें, असा प्रलय पुन्हां आल्यास काय होईल, याचा एक मोठा अंदाज प्रसिद्ध केला. त्यांत हानि ७२५ अब्ज डॉलर धरली आहे. त्या अभ्यासांतील एक गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनीं आवर्जून पाहण्यासारखी आहे. १८६२ च्या वादळाच्या हवामानाच्या पुरेशा नोंदी नसल्यामुळें शास्त्रज्ञांस तें वादळ जसेंच्या तसें उभें करतां आलें नाहीं. त्यांनीं १९६९ व १९८६ सालच्या दोन वादळांच्या नोंदी एकापुढें एक जोडून कल्पित वादळ तयार केलें. नोंद नसली म्हणजे दुसऱ्याचें ठिगळ लावावें लागतें.

राहतां राहिला मृतांचा आकडा. अलीकडच्या लेखनांत तो चार हजार असा वारंवार येतो. समकालीन वर्तमानपत्रांत गोऱ्या मृतांचीं नांवें, वसतिस्थानें व कित्येकदां मृत्यूची हकीकत मिळते. पण युबा, फेदर आदि नद्यांच्या कांठीं सोनें धुणारे चिनी मजूर कोठें पन्नास, कोठें ‘अनेक’ अशा ढोबळ शब्दांत येतात, आणि इंडियनांची गणना जवळजवळ नाहींच. त्यामुळें चार हजार हा आकडा मोजून काढलेला नसून अंदाजानें बसविलेला आहे. चिनी लोकांचे सॅन फ्रान्सिस्कोंत आपापल्या प्रांतांप्रमाणें संघ होते, आणि परदेशीं मेलेल्या बांधवांच्या अस्थि मायदेशीं पोंचविण्याचें काम ते संघ करीत. तेव्हां नांवनिशीच्या याद्या कोठें असतील तर त्या संघांच्या दप्तरीं असावयास पाहिजेत. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगींत त्या शहराची चिनी वस्ती जळाली. परंतु अस्थि जेथें पोंचल्या त्या ग्वांगडोंग प्रांताकडील गांवांत व कुळांच्या वंशावळींत शोध करण्यास तो अडथळा नाहीं. तेथील कागद चिनी लिपि जाणणाऱ्या अभ्यासकांनीं तपासून इंग्रजी वृत्तांशीं ताडून पाहीपर्यंत, चार हजार हा आकडा आम्ही तरी ‘सांगतात’ या शब्दावांचून लिहिणार नाहीं.